मधली वर्षे : वयात आलेली मुले, त्यांचे आईबाप आणि महाड-पोलादपूर

पोलादपूर तालुक्यातले उमरठ आणि महाड तालुक्यातली शिवथरघळ ही दोन्ही ठिकाणे शाळेच्या सहलींमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहेत. दोन्हीकडे एकेका लग्नाची गोष्ट सांगतात. उमरठची गोष्ट तानाजी मालुसऱ्यांची. मुलाच्या, म्हणजे रायबाच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन ते महाराजांकडे गेले आणि लग्न मागे ठेवून १६७० मध्ये कोंढाण्यावर चालून गेले. शिवथरघळीची गोष्ट रामदासांची. जांबच्या बारा वर्षांच्या नारायणाने बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द ऐकला आणि तो मांडवातून पळाला.

दोन्ही गोष्टी परंपरेने आलेल्या आहेत. त्यांच्या तपशिलांवर अभ्यासक वाद घालतात, तो माझा विषय नाही. मला त्यांत दिसते ते वेगळेच. रायबाला या लग्नाविषयी कोणी विचारले होते का, हे गोष्ट सांगत नाही. तसे विचारायचे असते हेच कोणाच्या मनात नाही. नारायणाला लग्न नको होते, तर ‘नको’ म्हणायला त्याच्याजवळ पायांखेरीज दुसरे साधन नव्हते. आणि अंतरपाटापलीकडे उभी असलेली मुलगी? तिच्याविषयी कीर्तनकार एखादे वाक्य बोलून पुढे जातात.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. पोलादपुरात वह्या-पुस्तकांचे दुकान चालवतो आणि पंचवीसेक वर्षे जुनी चरित्रे, कायद्याचे अहवाल, नियतकालिकांच्या बांधीव फायली मिळतील तशा वाचतो. दुकानामुळे शाळा-कॉलेजातल्या मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी रोजचा संबंध. गेल्या काही वर्षांत एक वाक्य वारंवार कानावर येते. मुलीच्या फोनमध्ये कोणाचे तरी निरोप सापडलेले असतात, मुलगा एस.टी. स्टँडवर कोणाबरोबर तरी दिसलेला असतो, आणि आई किंवा बाप म्हणतो, “आमच्या वेळी असं नव्हतं हो.” हे वाक्य कितपत खरे आहे, ते तपासण्यासाठी हा लेख.

आधी लग्न, मग वय

आपण ज्याला ‘टीनएज’ म्हणतो, त्या वयाला जुन्या मराठीत स्वतंत्र नाव सापडत नाही. ‘वयात येणे’ आहे, ‘न्हाण येणे’ आहे. पण त्या शब्दांनी एक घटना सांगितली जाते, आयुष्याचा एक टप्पा नव्हे. कारण टप्पा म्हणावे इतका वेळच मधे नसे. मुलीचे लग्न आधी होई, न्हाण नंतर येई, मग फलशोभन होऊन ती सासरी नांदायला जाई. शेतकरी जातींत हे वय थोडे पुढेमागे होत असेल, पण क्रम बहुधा हाच. मुलग्यांचीही लग्ने लवकर होत. १८४० मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांचे लग्न झाले तेव्हा ती नऊ वर्षांची आणि तो तेरा वर्षांचा होता. भीमराव आंबेडकर आणि रमाबाई यांचे लग्न विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाले, तेव्हाही वर कोवळा शाळकरी मुलगा आणि वधू नऊ-दहा वर्षांची होती.

तेव्हा “आमच्या वेळी असं नव्हतं” हे वाक्य पणजीच्या तोंडी घातले तर पूर्ण खरे ठरते. पण त्याचे कारण मुले गुणी होती हे नव्हे. मन कोणावर जडावे अशी वर्षे सुरू होण्याआधीच त्यांचा निकाल लागलेला असे. पणजीच्या आईवडिलांना सोळा वर्षांच्या अविवाहित मुलीची आई किंवा बाप होण्याची वेळच आली नाही. ती मधली वर्षे पुढे निर्माण झाली, आणि ती निर्माण होताना महाराष्ट्रात मोठे रण माजले.

रखमाबाईंचे नऊ वर्षे माहेर

त्या रणातले सर्वांत गाजलेले प्रकरण रखमाबाईंचे. जन्म १८६४. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लग्न. तिचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतले नामवंत वैद्यक आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते. मुलगी वयात आली म्हणजे लगेच नांदायला पाठवायची, हे त्यांना डॉक्टर म्हणून मान्य नव्हते. रखमाबाई माहेरीच राहिली, वाचायला शिकली, मिळेल तिथून पुस्तके मिळवू लागली. १८८४ मध्ये दादाजीने बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला, तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि हा नवरा आपल्याला नको, हे ती स्पष्ट सांगू शकत होती.

पुढची हकीकत अनेकांना माहीत आहे. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम केला, आणि तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. पुढे ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली.

या खटल्यावर लिहिणारे बहुधा रखमाबाईंच्या धैर्यावर लिहितात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या घरातल्या बापाकडे पाहावेसे वाटते. सखाराम अर्जुन यांनी फार मोठे बंड केले नाही. लग्न मोडले नाही. अकरा ते वीस ही वर्षे त्यांनी मुलीला घरात राहू दिली, एवढेच. पण त्या वर्षांत मुलीला स्वतःचे मन सापडले. सनातनी वर्तमानपत्रांचा खरा रोष त्यावरच होता. मुलगी मोठी होईपर्यंत माहेरी ठेवली, शिकवली, म्हणून ती ‘नको’ म्हणाली, असे त्यांचे म्हणणे. निरीक्षण म्हणून ते चुकीचे नव्हते. मधली वर्षे मिळाली की मूल स्वतः निवडू लागते. तेव्हाच्या समाजाला यातली भीती नेमकी कळली होती.

फुले दांपत्याच्या घरातली सून

त्याच दशकात पुण्यात आणखी एक घर होते. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा १८७४ मध्ये जन्मतःच घेतला आणि यशवंत या नावाने वाढवला. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी त्याचे लग्न ग्यानोबा ससाणे यांच्या मुलीशी, राधा ऊर्फ लक्ष्मीशी, सत्यशोधक पद्धतीने झाले. वर पंधरा वर्षांच्या आसपास. म्हणजे आजच्या हिशेबाने दहावीतला मुलगा.

हे लग्नही लवकरच झाले, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. पण चरित्रकार एक तपशील नोंदवतात, तो मला त्या शतकातला फार दुर्मीळ वाटतो. लग्नाआधी सावित्रीबाईंनी राधेला आपल्या घरी आणून ठेवले. दोघांना एकमेकांचा स्वभाव कळावा, बोलता यावे, हा हेतू. ज्या बाईला नवव्या वर्षी कोणी काही विचारले नव्हते, तिने सून आणताना मुलगा-मुलगी एका छताखाली, थोरांच्या नजरेसमोर, बोलतील अशी सोय केली. पहारा बसवला नाही आणि वाऱ्यावरही सोडले नाही. त्या काळात या कृतीला नाव नव्हते. आजही नाही.

फुल्यांचा विचार आमच्या सावित्री नदीपर्यंत पोचला तो महाडजवळच्या रावढळच्या गोपाळबाबा वलंगकरांमुळे. लष्करातून निवृत्त झालेले वलंगकर फुल्यांच्या विचारांनी प्रभावित होऊन अस्पृश्यतेविरुद्ध लिहू-बोलू लागले. १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा स्पृश्य सभासदांनी मोठी खळखळ केली. या मातीत १९२७ साली जे पेटले, त्याची पेरणी अशी आधीपासूनची होती.

१९२७ : दोन घटना

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. त्या परिषदेतले डॉ. आंबेडकरांचे अध्यक्षीय भाषण चवदार तळ्याच्या पाण्यापुरते नव्हते. शिवाशिव गेली, एका पंगतीत जेवण झाले, तरी अस्पृश्यता जाणार नाही. तिचे मूळ बेटीबंदीत आहे, असे त्यांनी त्यात मांडले. हाच विचार त्यांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात आधी शास्त्रीय पद्धतीने मांडला होता. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्ने लावून. आणि तसे करायचे तर मुलीचे लग्न तिला मन फुटण्याआधी उरकावे लागते. बालविवाह ही नुसती वाईट चाल नव्हती, ती जातीची कुंपणभिंत होती.

जी मनुस्मृती जळाली, तिच्यात कुमारवयात मुलीचे रक्षण बापाने करावे, हे प्रसिद्ध वचन आहे. त्याच नवव्या अध्यायात आणखी एक तरतूद आहे, तिची आठवण फारशी कोणी काढत नाही. ऋतुप्राप्त मुलीने तीन वर्षे वाट पाहावी आणि बापाने तोवर काही केले नाही, तर स्वतः वर निवडावा. म्हणजे ती मधली वर्षे ग्रंथकाराला दिसली होती. पुढच्या समाजाने रक्षणाचे वचन पाठ केले आणि तीन वर्षांचे गाळले.

त्याच वर्षी, जुलै १९२७ मध्ये, मुंबईत र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवले. त्याच्या फायली चाळताना मला सर्वांत बोलका वाटतो तो वाचकांच्या प्रश्नांचा भाग. शरीराविषयीच्या साध्या शंका लोक एका अनोळखी संपादकाला पत्राने विचारतात, कारण घरात विचारायची सोय नाही. अशाच प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. महाडच्या तळ्यावर पाणी पिण्याचा हक्क मागणारा माणूस मुंबईच्या कोर्टात प्रश्न विचारण्याचा हक्क मागत होता. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत.

शारदा कायदा, गिरणी आणि एस.टी.

कायद्याचे आकडे एकदा सलग पाहावेत. १८६० च्या दंडसंहितेत संमतिवय दहा होते. १८९१ मध्ये, टिळकांसह मोठ्या वर्गाचा विरोध पत्करून, ते बारा झाले. १९२५ मध्ये लग्नाबाहेर चौदा आणि लग्नात तेरा झाले. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरवले. हरविलास सारडांनी आणलेल्या या कायद्याला आपल्याकडे ‘शारदा कायदा’च म्हणतात, देवलांच्या १८९९ च्या ‘संगीत शारदा’तली म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी लोकांच्या इतकी मनात बसली होती. कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू व्हायचा होता, म्हणून त्याआधीच्या महिन्यांत देशभर लहान मुलांची लग्ने उरकण्याची घाई उडाली. माझ्या आजीचे लग्न त्याच घाईतले. १९४९ मध्ये मुलीचे लग्नवय पंधरा झाले आणि १९७८ मध्ये मुलीचे अठरा, मुलाचे एकवीस.

हे आकडे म्हणजे मधल्या वर्षांची वाढती लांबी. १८९१ मध्ये ती शून्याच्या जवळ होती. १९७८ नंतर कायद्यानेच पाच-सहा वर्षे झाली. आता शिक्षण आणि नोकरी संपवून पंचविशीत लग्न करणाऱ्या मुलीसाठी ती बारा-तेरा वर्षे आहेत. एवढी वर्षे कोणाकडेही मान वर करून पाहायचे नाही, ही अपेक्षा कोणत्याही पिढीने कोणत्याही पिढीकडून यापूर्वी केलेली नव्हती. आधीच्या पिढ्यांना ती करावीच लागली नाही.

आमच्या भागात या बदलाला आणखी एक पदर आहे. महाड-पोलादपूरचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गिरणीत, गोदीत, खानावळीत गेले. गावात राहिली आई, आजी आणि मुले. बाप म्हणजे मनिऑर्डर, गणपती आणि शिमगा. मुलांना वाढवण्याचा रोजचा भार बायकांनी वाहिला, निर्णयाचा अधिकार मात्र मुंबईच्या पत्त्यावर राहिला. मुलगी मोठी झाल्याचे आईला दिसे आणि बापाला कळवले जाई; उत्तर म्हणून बहुतेक वेळा स्थळ येई. मधल्या वर्षांविषयी बोलायची रीत अशा घरात पडणार कशी? १९४८ मध्ये राज्यात एस.टी. सुरू झाली, तिचे जाळे पसरत गेले, महाडला महाविद्यालय झाले, आणि खेड्यातली मुलगी प्रथमच रोज सकाळी घराबाहेर पडून संध्याकाळी परत येऊ लागली. माझ्या मते आमच्याकडच्या तारुण्याचा इतिहास एस.टी.च्या पासवर लिहिलेला आहे. फोन फार नंतर आला.

कायद्याची बाजू उलटते

आता आजचा प्रश्न. २०१२ मध्ये ‘पॉक्सो’, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा आला. अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती त्याला संमती वाटत नाही. लहान मुलांवरचे अत्याचार पाहता हा कायदा अत्यंत गरजेचा होता आणि आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण दुकानात एखादी आई हळूच विचारते, “दादा, पोलिसात जाऊ का? म्हणजे त्या पोराला धडा तरी मिळंल,” तेव्हा मला १८९१ आठवते. तो कायदा वडीलधाऱ्यांनी निवडलेल्या नवऱ्यापासून मुलीला वाचवण्यासाठी झाला. आज त्याच वंशातला कायदा काही घरांत मुलीने निवडलेल्या मुलाविरुद्ध वडीलधारे वापरू पाहतात.

अशा वेळी मी एवढेच सांगतो. जबरदस्ती, फसवणूक, धमकी, फोटोंवरून दबाव, वयाने फार मोठा माणूस, यांपैकी काहीही असेल तर एक दिवसही थांबू नका. पण दोन सोळा-सतरा वर्षांची मुले एकमेकांवर जीव लावून बसली आहेत एवढेच असेल, तर तक्रार लिहिण्याआधी परिणाम समजून घ्या. गंभीर गुन्ह्याची तक्रार आईबापांना नंतर वाटले म्हणून मागे घेता येत नाही. मुलगा अठराच्या आत असेल तर बाल न्याय मंडळापुढे जातो, वर असेल तर तुरुंगात. आणि मुलीला पोलीस ठाणे, वैद्यकीय तपासणी, साक्ष यांतून जावे लागते, तीही स्वतःच्याच मर्जीविरुद्ध. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी जुलै २०२३ च्या एका निकालात नेमकी हीच चिंता व्यक्त केली होती. त्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या २८३ व्या अहवालात संमतिवय अठराच ठेवावे, पण सोळा ते अठरा वयाच्या मुलांच्या खुशीच्या प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेबाबत तारतम्य वापरता यावे, असे सुचवले. दोन्ही बाजूंच्या जाणत्या माणसांना प्रश्न अवघड वाटतो आहे. तो आपण रागाच्या एका संध्याकाळी सोडवू नये.

आणखी एक गोष्ट महाडजवळ राहून न सांगणे बरे नव्हे. “त्या पोराला धडा” या शब्दांमागे दोन वेगळ्या काळज्या असतात. एक मुलीची : तिचा अभ्यास, तब्येत, नाव, मन. दुसरी मुलाच्या आडनावाची. बोलताना आपण दुसरी पहिलीच्या पदराआड लपवतो. ओळखायची खूण सोपी आहे. तोच मुलगा आपल्या जातीचा, चांगल्या घरचा निघाला, तर राग निम्मा होतो का? होत असेल, तर ती काळजी मुलीची नव्हती. १९२७ च्या भाषणात बेटीबंदीविषयी जे सांगितले गेले, ते क्रांतिस्तंभाला फुले वाहताना ऐकायला सोपे जाते. सोळा वर्षांची मुलगी जेवणाच्या ताटावरून मान वर न करता एक नाव सांगते, त्या दिवशी ते खरे ऐकावे लागते.

माझ्या घरात सतरा वर्षांची मुलगी आहे. बारावीला आहे, रोज एस.टी.ने महाडला जाते. या वर्षी पावसाळ्यात तिने तिच्या आईला वर्गातल्या एका मुलाविषयी सांगितले आणि आईने मला. इतकी वर्षे वाचलेले सगळे त्या रात्री फारसे उपयोगी पडले नाही. पोटात गोळा येतो तो येतोच. उपयोगी पडली ती फुल्यांच्या घरातली राधा. आम्ही मुलीला सांगितले, त्या मुलाला घरी बोलाव, दिवसाउजेडी, आम्ही असताना. मुलगा आला. चहा पिताना कपाचा आवाज होईल इतका हात थरथरत होता. त्याच्या अभ्यासाविषयी, घरच्यांविषयी बोलणे झाले. आडनाव मी विचारले नाही. त्याने आपणहून सांगितले, तेही मान खाली घालून, याचे मला वाईट वाटले. तो गेल्यावर शरीर, कायदा, फोनवरचे फोटो, बारावीची परीक्षा या सगळ्यावर आई तिच्याशी मोकळेपणाने बोलली. काही मी बोललो. पुढे काय होईल, हे आम्हाला ठाऊक नाही. या वयातली बरीचशी प्रकरणे वर्षभरात आपोआप विरतात, काही टिकतात. दोन्हींसाठी घराचे दार उघडे असलेले बरे, असे आम्हा दोघांना वाटते.

इतिहासाचा नाद असलेला माणूस म्हणून शेवटी एक विनंती. वर ज्यांची नावे आली, त्यांच्या चरित्रांत लग्ने सापडतात, खटले सापडतात, कायदे सापडतात. साध्या आईबापांनी मधली वर्षे कशी निभावली, याची नोंद मात्र जवळपास नाही. ती असलीच तर घराघरांतल्या पत्र्याच्या ट्रंकांत असेल. गिरणगावातून बापाने पाठवलेल्या पत्रांत, मुलीच्या शाळेविषयी आईने कोणाकडून तरी लिहवून घेतलेल्या उत्तरांत, स्थळ नाकारणाऱ्या एखाद्या पोस्टकार्डात. महाड, पोलादपूर किंवा कोकणातल्या कोणत्याही तालुक्यातल्या वाचकांकडे १९३० ते १९८० या काळातली अशी पत्रे असतील, तर ती रद्दीत देऊ नयेत. अक्षर लागत नसेल, कागदाला वाळवी लागलेली असेल, तरी चालेल. मी येऊन बसून वाचीन, उतरवून घेईन आणि मूळ पत्र ज्याचे त्याला परत देईन. नावे छापणार नाही.